दाखला गावात, सही तालुक्यात

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ऑनलाइन भरायला सराईत केंद्रचालकाला दहा मिनिटे लागतात. त्या अर्जाला जो तलाठ्याचा उत्पन्न अहवाल जोडायचा, तो मिळायला दोन दिवसही लागतात आणि दोन आठवडेही. तलाठ्याच्या सज्जात तीन-चार गावे. आज तो तहसीलच्या बैठकीला, उद्या पंचनाम्याला, परवा मतदार याद्यांच्या कामाला. (२०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे. गावाच्या तोंडी तो अजून तलाठीच आहे.) अहवाल म्हणजे हाताने भरलेला, शिक्का मारलेला एक कागद. तो अर्जदाराने मिळवायचा, केंद्रावर आणून द्यायचा, केंद्रचालकाने स्कॅन करून चढवायचा; मग तहसील कार्यालयातला लिपिक तो पडद्यावर उघडून तलाठी काय म्हणतो ते वाचणार. महसूल खात्यातल्या एकाचे म्हणणे त्याच खात्यातल्या दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचे काम असे दाखला हव्या असलेल्या मुलीच्या बापाच्या गळ्यात, तेही त्याची मजुरी बुडवून.

गावोगावची आपले सरकार सेवा केंद्रे, महा ई-सेवा केंद्रे, सीएससी (केंद्र सरकारची सामायिक सेवा केंद्रे) यांच्याबद्दल बोलताना हा कागद डोळ्यांसमोर ठेवावा. कारण सरकारचा सगळा हिशेब केंद्रांच्या संख्येवर चालतो. २०२५ मध्ये राज्याने केंद्रांची संख्या वाढवायचे ठरवले आणि अर्जामागचे सेवाशुल्क २० रुपयांवरून ५० रुपये केले. त्यातले साडेबत्तीस रुपये केंद्रचालकाचे. शुल्क वाढवणे चूक नव्हते. वीस रुपयांत वीज, कागद, शाई आणि गाळ्याचे भाडे सुटत नाही हे कोणीही सांगेल. पण केंद्रे कमी असणे हे मूळ दुखणे कधीच नव्हते. अर्ज स्वीकारण्याची खिडकी गावात आली. अर्जावर निर्णय घेणारे टेबल तालुक्याला राहिले, आणि त्या टेबलाच्या कामाच्या पद्धतीला कोणी हात लावला नाही.

हे आपल्याला पंचवीस वर्षांपूर्वीच कळायला हवे होते, कारण देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक आपल्याच राज्यात झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवती कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून खर्च उचलला. गावात बसून बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, सरकारी दाखले असे सगळे मिळेल, असा बेत होता. प्रत्यक्षात चालले ते उसाचे काम: लागणीची नोंद, तोडीची परवानगी, वजनाचा हिशेब, बिल, खताची उचल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर हेच काम करून पाहिले आणि ते कमी खर्चात झाले.

ऊस का चालला आणि उतारा का नाही? कारखान्याची नोंद कारखान्याच्याच ताब्यात होती, ती रोज अद्ययावत होत होती, आणि ती चुकली तर शेतकऱ्याचे बिल चुकत होते. दोन्ही बाजूंना ती बरोबर ठेवण्याची गरज होती. तहसीलच्या दप्तराला तशी काही गरज नव्हती. समोर संगणक ठेवून मागचे दप्तर तसेच ठेवले की समोरचा संगणक धूळ खातो.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात २००० च्या जानेवारीत ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. त्याचे जगभर कौतुक झाले, ‘स्टॉकहोम चॅलेंज’ पुरस्कारही त्याच वर्षी मिळाला. काही वर्षांत त्याची बरीच सूचनालये, म्हणजे गावोगावची संगणक केंद्रे, नावापुरती उरली. वीज नसणे, डायल-अप जोडणी सतत तुटणे ही कारणे तर होतीच. पण अर्ज पोचल्यावरही अमुक दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे, असे तालुक्याच्या कार्यालयावर कसले बंधन नव्हते. त्याच सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ आणली. तिचे वैशिष्ट्य असे की खिडकी गावात नव्हतीच. जमिनीचा उतारा घ्यायला तालुक्यालाच जावे लागे. तरीही लोकांचा त्रास कमी झाला. दप्तर आधी संगणकावर आले, उतारा ठरलेल्या १५ रुपयांत हाती पडू लागला, आणि फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढावे लागू लागले. मधला अर्ज उचलून पुढे घेता येईना. नाकारायचा तर कारण नोंदवावे लागे.

वीस किलोमीटरची एक खेप माणूस निमूट करतो, ती शेवटची असेल तर. त्याला मारते ती ‘साहेब नाहीत, उद्या या’ ही चौथी खेप. केंद्राने पहिली खेप वाचवली. चौथी अजून शिल्लक आहे. फक्त आता ‘उद्या या’ हे तहसीलचा शिपाई सांगत नाही, केंद्रावरचा पोरगा सांगतो.

आता केंद्राच्या आत काय बिघडते ते पाहू. वरच्या बैठकांमध्ये ‘डिजिटल साक्षरतेचा अभाव’ म्हणून जे खपवले जाते ते बहुतेक वेळा चार फुटांच्या टेबलावरचे बारीकसारीक घोटाळे असतात.

‘आपले सरकार’ पोर्टलवर फोटो १६० पिक्सेल रुंद आणि ५ ते २० केबीचा लागतो, कागदपत्र ७५ ते ५०० केबीमध्ये बसवावे लागते. वरची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, खालची नाही. घाईत कागद मोबाइलने टिपला, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला, डाउनलोड केला, आकार कमी करणाऱ्या ॲपमधून काढला. फाइल ६० केबीची झाली आणि पोर्टलने ती घेतली नाही. मग तीच पुसट फाइल ताणून ८० केबीची केली जाते. पोर्टल खूश होते, पण तहसीलच्या पडद्यावर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जातीची ओळ वाचता येत नाही आणि अर्ज ‘कागदपत्र अस्पष्ट’ म्हणून परत येतो. उपाय साधा आहे: सपाट काचेच्या स्कॅनरवर २०० डीपीआयला स्कॅन, जेपीजी, मूळ आकारात. एका पानाची फाइल मर्यादेत बसते. पण गर्दीच्या दिवसांत एका स्कॅनला चाळीस सेकंद घालवायला केंद्रचालक तयार नसतो, आणि अर्ज परत आला तरी त्याचे शुल्क बुडत नाही.

दुसरा घोटाळा मोबाइल क्रमांकाचा. म्हाताऱ्या अर्जदाराला ओटीपी सांगता येत नाही म्हणून केंद्रचालक स्वतःचाच नंबर टाकतो. काम लवकर होते हे खरे. पण अर्ज मंजूर झाला, त्रुटी निघाली, फेटाळला गेला, हे सगळे संदेश त्यानंतर चालकाच्या फोनवर येतात. दिवसाला साठ अर्ज भरणारा माणूस प्रत्येक संदेश वाचून ज्याचा त्याला निरोप देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. अर्जदार दोन आठवड्यांनी स्वतः विचारायला येतो तेव्हा कळते की दहा दिवसांपूर्वीच त्रुटी निघाली होती. एकाच नंबरवर दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त अर्ज येऊ लागले की पोर्टलने थांबवायला हवे. हा काही मोठा तांत्रिक शोध नव्हे. बँका असे काही दिसले की लगेच हटकतात.

आधारला जोडलेला नंबर बंद असणे हे आणखी वेगळे. रिचार्ज संपला, सिम गेले, काही महिन्यांनी तोच नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला दिला. नवा नंबर जोडायला बहुतेकांना आधार केंद्रच गाठावे लागते, साध्या सेवा केंद्रात ते होत नाही, आणि आधार यंत्र बऱ्याचदा तालुक्यालाच असते. म्हणजे पुन्हा एसटी. ज्यांची बोटे ऊसतोडीने, विटांनी, भांड्यांनी झिजली आहेत त्यांचे ठसे यंत्र ओळखत नाही. अशा वेळी बोट ओल्या फडक्याने पुसणे, दुसरे बोट घेणे, थंडीत हात चोळायला लावणे हे केंद्रचालक अनुभवाने शिकतात. डोळ्याच्या बुबुळाचे यंत्र प्रत्येक केंद्राला परवडत नाही, पण ग्रामपंचायतीला ते एक घेता येईल.

विजेचे म्हणाल तर भारनियमनापेक्षा चुकीच्या प्रिंटरने जास्त काम अडते. लेझर प्रिंटर तापताना काही सेकंद शेकडो वॅट ओढतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्या क्षणी बसतो आणि अर्धा भरलेला अर्ज जातो. शाईच्या टाकीचा इंकजेट वीस-पंचवीस वॅटमध्ये भागवतो. संगणक, राउटर आणि असा प्रिंटर १५० एएचच्या एका बॅटरीवर अर्धा दिवस निघतो. आणि इंटरनेट? भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगावी इंटरनेट नेण्याच्या योजनेची, तार अनेक ग्रामपंचायतींपर्यंत आली आहे. ती कार्यालयाच्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीत येऊन थांबते. पेटीला कुलूप, किल्ली कंत्राटदाराकडे, रस्ता रुंद करताना जेसीबीने तार कधी तोडली हे कोणाच्या लक्षातही नाही. केंद्र चालते ते चालकाच्या खिशातल्या फोनच्या हॉटस्पॉटवर.

एवढे सगळे दुरुस्त झाले तरी मूळ प्रश्न जाग्यावरच राहतो: इतके दाखले मागायचेच कशाला?

२०२४ च्या जून अखेरीस माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला. सुरुवातीला उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हवे होते. आठवड्याच्या आत तहसील आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. दाखल्यांसाठी पैसे उकळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मग सरकारने अटी सैल केल्या. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, जन्म दाखला यातले काहीही चालेल. दाखल्यांपुढची रांग ओसरली. त्यासाठी एकही नवे केंद्र उघडावे लागले नाही, एकही संगणक घ्यावा लागला नाही. शिधापत्रिकेच्या रंगात कुटुंबाचे उत्पन्न आधीच नोंदलेले आहे, ते पुन्हा कागदावर आणून मागू नये, इतके साधे ते होते. (अपात्रांनीही लाभ घेतल्याचे पुढे उघड झाले हे खरे. पण सरकारी नोकरी, मोटार, आयकर यांच्या नोंदी सरकारकडेच असतात. ती चाळण सरकारने आपल्या नोंदींत लावायची असते. त्यासाठी बाईला तलाठ्याकडे पाठवायची गरज नसते.)

एका योजनेसाठी, मतांच्या हंगामात, जे आठवड्यात जमले ते शिष्यवृत्तीसाठी आणि शाळा-कॉलेजच्या फीसवलतीसाठी वर्षानुवर्षे जमत नाही. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला, त्यामुळे दरवर्षी नवा. दहावी-बारावीचे निकाल लागले की जून-जुलैत सगळा जिल्हा एकाच पोर्टलवर तुटून पडतो, सर्व्हर मान टाकतो, आणि रात्री अकरानंतर साइट चालते म्हणून केंद्रे मध्यरात्री उघडी राहतात. महाराजस्व अभियानात शाळेतच दाखले देण्याची शिबिरे घेतली जातात. ती जिथे डिसेंबर-जानेवारीत, नववीच्या वर्गातच होतात, तिथे जातीच्या, अधिवासाच्या दाखल्यांची तरी जूनची रांग दिसण्याइतकी कमी होते. मंडळ अधिकारी आणि तलाठी एक दिवस शाळेत बसले की अहवाल जागेवर लिहिला जातो. शिबिराचा खर्च दोन खुर्च्या आणि एक जीप.

जातीच्या दाखल्यात अडचण आणखी खोल आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा लागतो. बाप शाळेत गेलेला नसेल तर आजोबांचे नाव शोधायचे. तेही नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. ते बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात, पाने ठिसूळ, लिपी कधी मोडी. शोधून नक्कल आणायची अर्जदाराने. चांगला केंद्रचालक इथे सोन्याच्या मोलाचा असतो: आजोबांच्या चुलतभावाची शाळेतली नोंद चालेल का, वंशावळीत नाव कसे लिहायचे, आडनाव बदलले असेल तर काय जोडायचे, हे त्याला पाठ असते. पण हे ज्ञान अर्जामागे साडेबत्तीस रुपये देऊन विकत मिळत नाही, म्हणून ते ‘वरच्या’ दोनशे-तीनशे रुपयांत विकले जाते.

आणि जुनी बुके सरकारला शोधता येत नाहीत, असे तर मुळीच नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे, भूमी अभिलेखची कागदपत्रे उपसली गेली, मोडी जाणणारे लोक लावले गेले, लाखो नोंदी निघाल्या आणि स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. मराठा आरक्षण आंदोलनाने एका समाजासाठी जे करायला लावले ते सगळ्यांसाठी, सगळ्या नमुन्यांचे, करून ठेवणे हे केंद्रे दुप्पट करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे. मग केंद्रावर गाव आणि आडनाव टाकले की नोंद समोर येईल.

यात केंद्रचालकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्याचे पोट अर्जांच्या संख्येवर चालते. सरकारने नवा दाखला मागितला की त्याचा हंगाम आला. अर्जागणिक पैसे दिले की अर्ज वाढतात, याचे याहून ढळढळीत उदाहरण नको. २०२३ पासून दोन वर्षे एक रुपयात पीकविमा होता. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये. काही ठिकाणी शेतकऱ्याकडूनही शंभर-दोनशे घेतले गेले. त्याहून वाईट म्हणजे गायरान, देवस्थान, बिगरशेती जमिनी आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यांवर बोगस विमे उतरवले गेले. २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच गुंडाळली. केंद्रांचे आयडी बंद झाले, गुन्हे दाखल झाले. दर अर्जाला पैसे ही रीत तशीच राहिली.

दुसऱ्या टोकाला ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक. २०११ मध्ये ‘संग्राम’ म्हणून सुरू झालेल्या आणि २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्र म्हणवणाऱ्या व्यवस्थेत ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा बारा हजारांच्या वर रक्कम केंद्र चालवायला नेमलेल्या कंपनीकडे जात होती, आणि वर्षानुवर्षे परिचालकाच्या हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडत होते, तेही महिनोन्महिने थकून. कर आकारणीचा नमुना ८ भरणे, जन्ममृत्यूच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे सगळे ऑनलाइन हिशेब तोच करतो. गावाचा हा खरा कारकून. पण कागदोपत्री तो कोणाचाच नोकर नाही. आझाद मैदानावर या लोकांनी किती वेळा मुक्काम टाकला याची मोजदाद नाही.

म्हणून दोन्ही रीती मोडून एक करावी. गावच्या केंद्राला ग्रामपंचायतीकडून थेट ठरावीक मासिक रक्कम, कंपनी मध्ये न ठेवता. त्यावर अर्जाचे शुल्क, पण ते अर्ज भरल्यावर अर्धे आणि निर्णय लागल्यावर अर्धे. केंद्राच्या चुकीने, म्हणजे पुसट स्कॅन किंवा अपुऱ्या कागदांमुळे, अर्ज परत आला तर दुसरे अर्धे मिळणार नाही. चाळीस सेकंदांचा तो स्कॅन मग आपोआप होऊ लागेल. तहसीलच्या बाजूला ‘भूमी’सारखी आल्या क्रमाची सक्ती, आणि त्रुटी काढायची ती एकदाच, सगळी एकत्र. आज सातव्या दिवशी फोटो नाकारला जातो, चौदाव्या दिवशी पत्ता. कागद अपुरे म्हटले की मुदतीचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तलाठ्याचा अहवाल पोर्टलनेच तलाठ्याच्या लॉगिनला मागवावा. पाच दिवसांत आला नाही तर अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र धरून पुढे जावे. दाखल्यांसाठी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र सरकारने मान्य केलेलेच आहे. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही एवढेच ठरायचे आहे.

काही जण म्हणतील, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, हे सगळे घरी बसून होईल, केंद्रे कशाला? २०२५ च्या शेवटी लाडक्या बहिणींचे ई-केवायसी झाले तेव्हा काय झाले ते आठवावे. पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागणारा तो फॉर्म विधवा आणि परित्यक्ता बाईने कसा भरायचा, हे बनवणाऱ्यांच्या लक्षातच आले नव्हते. अशा जागी पडद्यापलीकडे विचारता येईल असा माणूस लागतो.

महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अर्जदाराला खरे तर मोठे हत्यार दिले आहे. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, जातीचा ४५ दिवसांत. मुदत टळली की पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरे, मग आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. हे सगळे पोर्टलवर बटणानिशी आहे. पोचपावतीवर मुदतीची तारीख छापलेली असते आणि सोळाव्या दिवशी अपील करायला पाच मिनिटे लागतात. पण गावात कोण करणार? करणारा एकच, केंद्रचालक. त्याचा आयडी जिल्हा सेतू समिती देते. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. केंद्राची तपासणी तहसीलदार करतात. ज्या तहसीलदारांविरुद्ध अपील लिहायचे त्यांच्याच एका शेऱ्यावर त्याचा आयडी बंद होऊ शकतो. म्हणून तो अपिलाचे बटण दाबत नाही. अर्जदाराला म्हणतो, ‘भाऊ, जरा ओळख काढा तहसीलला.’ केंद्र देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार महसूल खात्याकडून काढून ग्रामसभेकडे आणि लोकसेवा हक्क आयोगाकडे द्यावा, मुदत संपल्या रात्री पहिले अपील पोर्टलनेच आपोआप दाखल करावे, आणि कोणत्या टेबलावर किती अर्ज किती दिवस पडून आहेत त्याची यादी दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी.